लीनाच्या वडिलांची रेघ

डब्लिन, ओहायो
नोव्हेंबर १९८८

प्रिय सुलूताई,

हे पत्र आधी एकटीनं वाच. परसात जा, नाहीतर विहिरीच्या कट्ट्यावर बस, पण आईसमोर उघडू नकोस. तू जे विचारलं आहेस त्याचं उत्तर अगदी शेवटी दिलंय, आणि तेवढं आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. मधलं तुझ्यासाठी. मधलं सोडून शेवटाला उडी मारलीस तर म्हणशील, थंडीनं दगडूचं डोकं गोठलं.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर दिलं नाही, कारण मला तुझ्या पत्राचाच संशय आला. पाकिटाची कड उसवून परत चिकटवल्यासारखी दिसली म्हणून ती खिडकीत उजेडाला धरून बघितली. मग आतला मजकूर. दादाच्या घरी पाळणा हलला, वहिनीची तब्येत ठीक, बाबांचं वर्ष व्हायचंय म्हणून बारसं थांबलंय, नाव तू सुचव. मी सुचवू? सहावीतून शाळा सोडलेल्या, इतकी वर्षं घराचा उंबरा न बघितलेल्या माणसाला तुम्ही नाव विचारता? मला वाटलं, दादानं तुझ्याकडून लिहवून घेतलंय. बाबा गेले तेव्हा मी आलो नाही, म्हणून आता गोड बोलून कशात तरी अडकवताय. रागावू नकोस. माझं डोकं असंच चालतं हे तुला ठाऊक आहे. बाबा म्हणायचे ना, दगड्याचा हात बरा आहे, पण त्याचं लक्ष दगडावर नसतं, दगडाच्या मागं कोण उभंय तिकडं असतं.

तर दगडाच्या मागं कोण उभं होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

देवळाच्या कामावर मी इकडं आलो ते तुला माहीत आहे. काम संपल्यावर बाकीचे कारागीर परत गेले, मी मागं राहिलो. मोटेलात चादरी बदलल्या, मॉरिसव्हिलला एका गोदामात खोकी उचलली, कुठंच पाय टिकला नाही. कुणी जरा आपुलकीनं विचारपूस केली की मला वाटायचं, हा कागद बघायला मागणार, आणि मी गाव बदलायचो. शेवटी दगडानंच धरून ठेवलं. इथं एका यार्डात मी थडग्यांवर उभे करायचे दगड कापतो आणि घासतो. त्यावर नावं मशीन कोरतं. मालक मला डग म्हणतो, दगडू त्याच्या जिभेवर बसत नाही. माणूस वाईट नाही, पण पाठीमागून येऊन उभा राहतो ते मला खपत नाही. सरकारनं बिनकागदाच्या लोकांना माफी दिली, त्यात मीही अर्ज केला. कार्ड हातात पडलं तेव्हा बाबा जाऊन महिना झाला होता. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

इथं आपली माणसं आहेत. डॉक्टर चारुदत्त आणि मृणालिनीकाकू, मूळचे पुण्याचे. काकूंना अमेरिकेत कडप्प्याचा ओटा हवा होता, तो मी बसवून दिला, तेव्हापासून रविवारचं जेवण त्यांच्याकडं. पहिल्या रविवारी मला वाटलं, ओट्याच्या वर आणखी काहीतरी फुकट करून हवं असणार. पण काकू नुसत्याच वाढत राहिल्या. डॉक्टर पूर्वी अलास्कात होते, पार वर, जिथं समुद्र गोठतो तिथल्या सरकारी दवाखान्यात. तिथून त्यांनी इनुइट, म्हणजे आपण एस्किमो म्हणतो त्या लोकांनी कोरलेल्या दगडाच्या आणि हाडाच्या वस्तू आणल्या आहेत. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवल्यात. सील मासा, चालणारं अस्वल, आईच्या कोटाच्या पाठीवरच्या टोपीत बसलेलं मूल. डॉक्टर त्या हातात घेऊ द्यायचे, पण माझ्या हाताखाली स्वतःचा हात धरून.

त्यातल्या बऱ्याचशा लीना नावाच्या बाईच्या. काकू म्हणतात, नाव बघ की, थेट आपल्या सदाशिव पेठेतलं! ही लीना आता इथंच कोलंबसला राहते, कारण तिच्या लेकीनं, रूथनं, इथल्या माणसाशी लग्न केलं. म्हातारी होऊन लेकीकडं आली. डॉक्टरांना ती दुकानात भेटली, मीठ मांडलेल्या फळीपाशी. डॉक्टर ही गोष्ट दर रविवारी सांगतात आणि दर रविवारी तितकेच हसतात.

मला ती पहिल्यांदा आमच्या यार्डातच दिसली. शंखजिऱ्याचे तुकडे मागायला आली होती. इथं तो दगड जुन्या प्रयोगशाळांच्या टेबलांना असायचा, ती मोडली की फळ्या आमच्याकडं येतात. मऊ दगड, नखानं ओरखडा उठतो. बाबा त्याला दगड म्हणायलाच तयार झाले नसते. ही बाई बुटकी, चेहरा आपल्याकडच्या पाटीवाल्या मावशीसारखा, आणि हाताची बोटं सांध्यांत सुजलेली. फळीच्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यापाशी जमिनीवर बसली. एक तुकडा उचलायचा, जीभ लावून ओला करायचा, उलटा करायचा, परत उलटा करायचा, ठेवून द्यायचा. असं दुपारभर. मी लांबून नजर ठेवून होतो. म्हटलं ही चांगला माल बाजूला काढतेय. पण जाताना घेतले ते सगळ्यात वेडेवाकडे, कडा फुटलेले तुकडे. मला आणखीनच संशय आला. चांगला माल सोडून रद्दी नेणारं माणूस एकतर खुळं असतं, नाहीतर त्याला दुसरंच काही लपवायचं असतं. आणि असल्या सुजलेल्या बोटांनी ही कोरणार काय?

मग एका रविवारी डॉक्टरांनी मला जेवण झाल्यावर आतल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं. कोलंबसात एक बाई चित्रं-शिल्पं मांडते, तिनं लीनाच्या नव्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं होतं. लीनाला ते फार हवं होतं. गावाकडचे लोक तिला म्हणाले होते, तू त्या सपाट मक्याच्या रानात चाललीस, तिथं तुझा हात मरेल. तिला त्यांना दाखवून द्यायचं होतं की हात मेला नाही. गॅलरीवालीची एकच अट, प्रत्येक वस्तू लीनाच्या एकटीच्या हातची पाहिजे. बाजारात एस्किमो म्हणून मशीनचा माल फार येतो म्हणे. डॉक्टरांनी मान्य करून शब्द दिला होता. आणि आता त्यांनी टेबलावर दोन अस्वलं ठेवली, एक अलास्कातलं जुनं, एक गेल्या महिन्यात केलेलं. दोन्ही उलटी केली. जुन्याचं पोट तळव्यासारखं गुळगुळीत. नव्याच्या पोटावर एक वाकडी रेघ. म्हणाले, सगळ्या नव्या वस्तूंवर ही रेघ आहे, दगडू. मला डॉक्टरकी कळते, दगड कळत नाही. तू सांग.

मी बघितलं. लीना डावखुरी आहे, तिच्या कानशीचे सगळे ओरखडे एका बाजूला झुकतात. ही रेघ उलट्या बाजूला झुकलेली. म्हणजे उजव्या हाताची. आणि ओढलेली कशी, तर अंगातलं सगळं बळ लावून, तरी अडखळत. म्हटलं, डॉक्टर, हा दुसरा हात आहे. अंगात ताकद नसलेल्या माणसाचा. बहुतेक म्हाताऱ्याचा. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांचा विक्रम तिथंच सोफ्यावर पाय पसरून पडला होता, इथंच जन्मलेला पोरगा. तो म्हणाला, डॅड, जस्ट आस्क हर. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, असं तोंडावर विचारतात का रे कुणाला! मग ठरलं की विचारायचं नाही. मी दगड पोचवायच्या निमित्तानं तिच्याकडं जायचं आणि गुपचूप बघायचं. हा निर्णय आम्हा तिघांनाही अगदी शहाणपणाचा वाटला. माझ्यावर आलं होतं सगळं. मी म्हणेन दुसरा हात, तर प्रदर्शन रद्द, आणि एकदा खोटी म्हटली की तिच्या दगडाला परत कुणी शिवणार नाही.

खरं सांगतो ताई, मला बरं वाटलं. जन्मभर ज्या खोडीवरून बोलणी खाल्ली तिची कुणाला तरी गरज पडली.

लीना लेकीच्या घराच्या गॅरेजात काम करते. गेलो तर आपल्या सुकटीसारखा वास. गावाकडून वाळवलेला मासा येतो तिला. मी सगळीकडं बघून घेतलं. बसायला दोन चौरंग, एक तिचा, एक लहान, पण त्यावर जाड घोंगडी घातलेली, आपल्याकडं घरातल्या कर्त्या माणसाच्या पाटावर घालतात तशी. कानशी दोन. दुसरी बारीक, झिजून तिची मूठ काळी पडलेली. जावई मेकॅनिक, त्याची मशीनं भिंतीला लावलेली, पण त्यांवर शंखजिऱ्याची भुकटी नव्हती, बोट फिरवून बघितलं मी. मला म्हणाली, बस. तिचंही इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. एका माणसावर काम चाललं होतं. बर्फातल्या भोकावर वाकून, कान लावून सील मासा वर यायची वाट बघणारा माणूस. ती कोरताना दगड एका जागी ठेवतच नाही गं. मांडीवर गोल गोल फिरवत राहते. आणि झालेली वस्तू कुठंच धड उभी राहत नाही, कलंडते. आपल्याकडं जात्याची खालची तळी जरा डुगडुगली तर बाबा सबंध तळी फोडून टाकायचे. मी विचारलं, बैठक का करत नाहीस? ती हसली. म्हणाली, उभं कशाला राहायला हवं, हातात राहायला हवं. मला ते शिकाऊ माणसाचं निमित्त वाटलं.

मग मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, हे कधी पुरं होणार? आणि ती सरळ म्हणाली, डॅडनं बघितलं की. डॅडनं बघितल्याशिवाय माझं काम संपत नाही. मी आत बघायला मान वळवली. म्हणजे कबूलच केलं की! आतलं दार बंद होतं. दारामागं कुणीतरी पाय ओढत चालल्याचा आवाज झाला आणि थांबला. लीनानं डबा उघडून माशाचा सगळ्यात चांगला मधला तुकडा काढून ताटलीत ठेवला. म्हणाली, हा डॅडचा, आज माझ्यावर रागावलाय. तेवढ्यात तिची नात, रूथची डेबी, घराला वळसा घालून बाहेरून आली, ताटलीतला तुकडा उचलला, खाल्ला आणि पायांतून निसटणारे बापाचे लष्करी बूट सावरत आत पसार झाली. लीनानं डब्याला झाकण लावलं. मला मनातून राग आला. आतल्या म्हाताऱ्याच्या तोंडचा घास पोरीनं पळवला आणि आजी नुसती बघत बसली. असल्या घरात खरं काय मिळणार, म्हटलं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, कसला डॅड? लीनाचे वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी तिथं गेलो तेव्हाही लोक त्यांच्याबद्दल बोलायचे, अकलाक म्हणून नावाजलेले शिकारी, समुद्रावर गेले आणि पायाखालचा बर्फाचा तुकडाच तुटून वाहून गेला. देहसुद्धा मिळाला नाही. काकूंनी देवाकडं बघून हात जोडले आणि विचारलं, तसलं काही नाही ना रे तिथं? मी म्हटलं, काकू, तसलं मासा खात नाही. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात चक्र सुरू. देह मिळाला नाही, म्हणजे मेला कशावरून? असेल जिवंत, असेल लपून, माझ्यासारखाच बिनकागदाचा. का दुसराच कुणी म्हातारा कारागीर आत कोंडलाय आणि ही त्याचं काम स्वतःच्या नावावर खपवतेय? यार्डात दगड कापताना मी त्या म्हाताऱ्याचा चेहरा रचायचो. लांब पांढऱ्या मिशा, पाय अधू. हळूहळू तो बाबांसारखा दिसायला लागला, तेव्हा मी रचणं बंद केलं.

प्रदर्शनाच्या आधीच्या शनिवारी दुपारी मी न सांगता गेलो. ट्रक लांब उभा केला. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं, खालून वाकून बघितलं. लीना बर्फावर वाकलेल्या त्या माणसावरून फडकं फिरवत होती. पुरा झाला होता. काय झाला होता गं! त्याच्या पाठीच्या बाकात सगळं थंड आभाळ होतं. तिनं मांडीवरची भुकटी झटकली, गुडघ्यांवर हात देऊन कशीबशी उभी राहिली, अंगावरचा झगा नीट केला आणि आतल्या दाराकडं बघून हाक मारली, डॅड. मी शटरखाली आणखी वाकलो. पाय ओढल्याचा तोच आवाज. दार उघडलं. आणि बापाचे बूट फरफटत डेबी आली.

ती त्या घोंगडीच्या चौरंगावर जाऊन बसली. लीना उभीच. तिनं दोन्ही तळव्यांवर दगड धरून पुढं केला, आपण देवळात नैवेद्य पुढं करतो तसा. पोरीनं कपाळाला आठ्या घातल्या, दगड मांडीत घेतला, फिरवला, उलटा केला, गालाला लावून बघितला. मग ती झिजलेली कानस मुठीत धरली, जीभ बाहेर काढली आणि सगळं अंग टाकून माणसाच्या पोटावर एक रेघ ओढली. ओके म्हणाली आणि बूट फरफटत निघून गेली. आणि ताई, लीनानं जो श्वास सोडला! मी पहिला पाटा केला तेव्हा बाबा त्यावरून तळवा फिरवून काही न बोलता पुढं गेले होते. काही बोलले नाहीत म्हणजे पास. तेव्हा मी असाच श्वास सोडला होता.

मी शटरखालून तसाच आत शिरलो. अंगभर भुकटी. विचारलं, ही डॅड? लीनानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दिवसाढवळ्या विचारतोय, दिवस आहे का. म्हणाली, हो. मग कोण? रूथ आवाज ऐकून आली, तिनं मला समजावून सांगितलं. त्यांच्यात माणूस गेला की त्याचं नाव पुढं जन्मणाऱ्या मुलाला देतात. नाव दिलं की ते मूल नुसतं नावाचं राहत नाही, नात्याचंही होतं. मुलगा का मुलगी, ते बघत नाहीत. डेबीचं घरातलं नाव अकलाक. म्हणून आजी तिला वडील म्हणते, तिला ओरडत नाही, पहिला घास तिला देते. आणि कानस हातात धरता यायला लागल्यापासून प्रत्येक वस्तू तिला दाखवते, कारण वडिलांना दाखवल्याशिवाय काम संपलं असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

आणि मला हसू फुटलं, थांबेचना. आपल्या आळीतली शरयूवहिनी आठवते? तिच्या पोराला सासऱ्याचं नाव ठेवलेलं. सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं, म्हणून ती पोराला मामंजी म्हणायची. अहो मामंजी, नाक पुसा. मामंजींनी आज परत चड्डी ओली केली हो! आपण दोघं भिंतीवरून वाकून ऐकायचो आणि तू मला चिमटे काढायचीस, हसू नको म्हणून. ते ऐकत वाढलेला मी, आणि डेबी डॅड आहे हे माझ्या डोक्यात शिरू नये! पांढऱ्या मिशांचा म्हातारा शिरला, मेकॅनिक शिरला, कोंडलेला कारागीर शिरला, पण हे नाही.

रविवारी काकूंच्या ओट्याला टेकून मी डॉक्टरांना सांगितलं, काम सगळं लीनाचं. शेवटची रेघ तिच्या वडिलांची. ते सध्या पहिलीत आहेत. डॉक्टर चष्मा काढून इतके हसले की डोळे पुसायला लागले. विक्रम म्हणाला, आय टोल्ड यू, यार. गॅलरीवाली बाई मात्र कुरकुरली. रेघा घासून टाका म्हणाली, वस्तू एका हातची दिसेल. लीना नाही म्हणाली. तिनं उलट अट घातली, वस्तूंपुढच्या कार्डावर दोन नावं पाहिजेत, नाहीतर प्रदर्शन नको. एवढं हवं असलेलं प्रदर्शन ती तिथल्या तिथं सोडायला निघाली, फडक्यात वस्तू गुंडाळायला लागली. शेवटी बाईनं पेन काढून दोन नावं लिहिली. वस्तू टेबलावर वाळूत मांडल्या, कारण उभ्या राहत नाहीत. लीनानं लोकांना त्या उचलायला लावल्या. लोक विचारत होते, वडील आलेत का? आले होते. टेबलाखाली बसून बिस्किटं खात होते.

सगळे पांगल्यावर लीना माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या वडिलांनी तिला कधी शिकवलं नाही म्हणे. वॉलरस या समुद्रातल्या जनावराचा सुळा कोरून झाला की तिच्या हातात द्यायचे, ती उलटासुलटा करायची, मग परत घ्यायचे, एवढंच. पुढं तिला छातीचा रोग झाला, विमानात घालून लांबच्या इस्पितळात नेलं, वर्षानुवर्षं ठेवलं. पलंगावर बसून ती शंखजिऱ्याचे तुकडे कोरायची. तिथंच निरोप आला, वडील बर्फावरून परतले नाहीत. घरी पोचली तेव्हा त्यांची कानस तेवढी राहिली होती. तीच ती. मी तिला सांगितलं, माझे वडील यंदा गेले, मीही पोचलो नाही. ती अरेरे म्हणाली नाही. तिनं विचारलं, त्यांचं नाव कुणाला दिलं? मी म्हटलं, अजून कुणालाच नाही. तिनं माझा हात त्या सुजलेल्या बोटांत धरला आणि म्हणाली, मग ते बाहेर थंडीत आहेत, डग.

इथून पुढं आईला वाचून दाखव. तू लिहिलंस की मुलगी झाली आहे आणि आईनं अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही. मला ठाऊक आहे आई कुणाची वाट बघत होती. बाबा परत येतील, दादाच्या पोटी येतील, असं तिनं धरलं होतं, आणि मुलगी झाली म्हणून तिला वाटलं, ते आले नाहीत. मलाही पत्र वाचून क्षणभर तसंच वाटलं, म्हणूनही मी उत्तर दिलं नव्हतं. तर आई, ते आलेत. आता वर्षासाठी थांबू नका, बारसं करा. सुलूताई, तू आत्या आहेस, कानात नाव तू सांगणार. शाळेच्या दाखल्यावर तुम्हाला आवडेल ते घाला, पण कुर्र करायच्या आधी तिच्या कानात हळूच बाबांचं नाव, त्र्यंबक, म्हण. काकू डिसेंबरात पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर शंखजिऱ्याचं एक छोटं जातं पाठवतोय, भातुकलीतलं. मी निघताना बाबांनी न सांगता माझ्या पिशवीत त्यांची बारीक छिन्नी घातली होती. इतकी वर्षं मला वाटायचं, टोचावं म्हणून घातली. हे जातं तिनंच केलंय. तळी डुगडुगत नाही, बघ. तिच्या खालच्या अंगाला एक वाकडी रेघ आहे, ती लीनाच्या वडिलांनी ओढली आहे, ती घासू नका. आणि पुढं मकरसंक्रांतीला मी येतोय, कार्डावर आता जाऊन परत येता येतं. आल्यावर जातं त्यांच्यापुढं धरीन आणि काही बोलले नाहीत तर पास झालो समजेन. तोवर आई, त्यांना मांडीवर घे. तू त्यांचं नाव कधीच घेतलं नाहीस, आताही घेऊ नकोस. नुसतं अहो म्हणून हाक मार. वळून बघतील.

तुझाच,
दगडू